इंजिनघर: अर्धं यंत्र दगडाचं

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, अटलांटिकच्या कड्यांवर काही पडक्या दगडी इमारती आहेत. उंच भिंती, कमानदार खिडक्या, कोपऱ्यात एक धुराडं. त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात तेव्हा कुणी त्यांना किल्ला म्हणतं, कुणी चर्च. प्रत्यक्षात ती खाणींची इंजिनघरं आहेत. बोटॅलॅकची दोन तर फारच प्रसिद्ध. त्यांच्या खालून तांब्याची आणि कथलाची खाण थेट समुद्राच्या तळाखाली गेली होती. खालच्या घरातलं इंजिन पाणी उपसायचं, वरच्या घरातलं माल ओढून काढायचं. २००६ साली कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा हा खाणपट्टा जागतिक वारसा यादीत गेला.

पण या इमारतींना नुसतं 'यंत्र ठेवायची खोली' समजणं म्हणजे निम्मी गंमत घालवणं. ती खोली यंत्राचाच भाग होती.

मूळ अडचण पाण्याची. तांब्याची शीर खाली जात राहते आणि तिच्या मागे खोल जावं तसं पाणी भरत राहतं. वर बसवलेला पंप दहा मीटरपेक्षा खालचं पाणी ओढूच शकत नाही, कारण पाणी वर ढकलणारा असतो तो हवेचा दाब आणि त्याची ताकद तेवढीच. विहिरीच्या काठावर मोटर बसवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं. म्हणून खाणीत पंप खाली, शाफ्टमध्ये म्हणजे खाणीच्या उभ्या विवरात, टप्प्याटप्प्याने बसवत. एका पंपाने पाणी वरच्या टाकीत टाकायचं, तिथून पुढच्याने उचलायचं. हे सगळे पंप एकाच दांड्याला जोडलेले. पाइनच्या जाड तुळया लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना जोडून केलेला हा दांडा शेकडो मीटर खोल लोंबायचा.

आता इथे बहुतेकांची समजूत चुकते. वाटतं की वाफ पाणी वर ढकलत असेल. तसं नाही. वाफ फक्त दांडा उचलायची, पाणी उचलायचं ते दांड्याचं वजन.

क्रम असा. इंजिनघराच्या समोरच्या भिंतीवर ओतीव लोखंडाची प्रचंड तुळई डोलत असे. तिचं आतलं टोक सिलिंडरवर, बाहेरचं शाफ्टवर. पिस्टनच्या वर बॉयलरची वाफ सोडायची आणि पिस्टनखालची वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून तिथे जवळजवळ पोकळी करायची. पिस्टन खाली जातो, बाहेर दांडा वर येतो. मग एक झडप उघडते आणि वरची वाफ पिस्टनखाली येते. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणजे पिस्टन मोकळा. दांडा स्वतःच्या वजनाने संथपणे खाली येतो आणि पंपांतलं पाणी वर रेटतो. दांडा फारच जड झाला तर दुसऱ्या तुळईला दगडांची पेटी टांगून त्याचा तोल साधत.

खरी चलाखी पुढे आहे. पिस्टन पूर्ण खाली जाईपर्यंत वाफ सोडत राहायची गरज नाही. थोडं अंतर जाताच झडप बंद करायची. आत अडकलेली वाफ प्रसरण पावत उरलेलं काम करते. पण प्रसरणात दाब उतरत जातो, मग शेवटी जोर कमी नाही का पडणार? पडतो. मात्र सुरुवातीला जोर गरजेपेक्षा जास्त असतो आणि तो जादा जोर त्या अजस्र दांड्याला वेग देण्यात खर्ची पडतो. पुढे वाफ कमी पडली की तो वेगच दांड्याला उरलेल्या अंतरापलीकडे नेतो. म्हणजे दांड्याचं वस्तुमान हीच ऊर्जेची पेढी. वेगळं फ्लायव्हील, म्हणजे वेग टिकवून धरणारं जड चाक, लागत नाही. वाफेचं इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॉटला ही कल्पना सुचली होती, पण त्याच्या कमी दाबाच्या वाफेत फारसं हाती लागत नसे. १८०० साली त्याचं पेटंट संपलं आणि रिचर्ड ट्रेव्हिथिकसारख्या कॉर्नवॉलच्या माणसांनी जास्त दाबाची वाफ वापरून तिचं सोनं केलं.

आता भिंतीकडे या. ८० इंच व्यासाचं सिलिंडर तिथे नवलाईचं नव्हतं. पिस्टनचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३२,४०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढाच निव्वळ दाब धरला तरी आतलं टोक ३२ टनांनी खाली ओढलं जातं. बाहेरच्या टोकाला जवळपास तेवढाच भार. तरफेच्या टेकूवर दोन्हींची बेरीज येते, शिवाय तुळईचं स्वतःचं वजन. ईस्ट पूल खाणीवरच्या ९० इंची इंजिनाची तुळई पन्नास टनांहून जड आहे. एवढा भार मिनिटाला अनेकदा चढतो-उतरतो आणि तो झेलते समोरची भिंत. म्हणूनच ती बाकीच्या तीन भिंतींपेक्षा जाड, आणि वरून तुळई बाहेर यायची म्हणून उंचीने कमी. पडक्या घराची एक बाजू वर अर्धवट वाटते ती पडझडीमुळे नव्हे, मुळात तशीच बांधलेली.

आणखी एक. वाफ पिस्टनला खाली दाबते तेव्हा सिलिंडरच्या झाकणाला तेवढ्याच जोराने वर ढकलते. बंद जागेतली वाफ सगळ्या बाजूंना सारखीच दाबते. सिलिंडर उखडून निघू नये म्हणून त्याखाली दगडी बांधकामाचा मोठा ठोकळा, आणि त्यातून आरपार लांबलचक बोल्ट. खाण बंद पडली की लोखंड विकलं जाई, इंजिन दुसऱ्या खाणीवर जाई. दगडाचा सांगाडा कोण उचलून नेणार?

वाफेची इतकी काटकसर का, तर कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही. तो साउथ वेल्सहून जहाजाने येई आणि तांब्याचं खनिज वितळवायला तिकडेच जाई. त्यामुळे इंजिनाचं मायलेज हा जीवनमरणाचा प्रश्न. १८११ पासून जोएल लीन यांनी खाणींच्या इंजिनांचे आकडे दरमहा जाहीर करायला सुरुवात केली: एका बुशेल (कोळसा मोजायचं जुनं माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढलं? वॉटच्या इंजिनांचा आकडा दोन कोटींच्या आसपास असे. १८३५ साली फोवी कॉन्सोल्स या तांब्याच्या खाणीवरच्या इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटी गाठले. ९४ पौंडांचं बुशेल धरून मी हिशोब केला, तर कोळशातली बारा-तेरा टक्के ऊर्जा कामी आली. अर्थात तो खास चाचणीतला आकडा. रोजच्या कामात एवढं साधत नसे, आणि तेव्हाही त्यावर शंका घेणारे होतेच. गाड्यांच्या जाहिराती वाचताना आपणही घ्यावी.

खाणकामगार मात्र खाली ठकठक करणाऱ्या भुतांवर विश्वास ठेवत आणि त्यांच्यासाठी जेवणातला तुकडा मागे ठेवत. ताण आलेला खडक आणि लाकडी टेकू आवाज करतातच. तो आवाज ऐकून बाहेर पळणं शहाणपणाचं, पण त्याचं कारण भूत नव्हे.

१८६६ मध्ये तांब्याचे भाव कोसळले, कामगार ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला गेले. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणींतही कॉर्नवॉलचे लोक आले. ईस्ट पूलचं इंजिन १९५४ पर्यंत चाललं.

पण पंप थांबले म्हणून पाणी थांबत नाही. व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, उपसा थांबला आणि १९९२ च्या जानेवारीत आतलं पाणी बाहेर फुटलं. खडकातलं पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज हवा-पाण्याशी मिळून आम्ल तयार करतं आणि ते धातू विरघळवतं. कार्नन नदी नारिंगी झाली. लोहाबरोबर जस्त, कॅडमियमही वाहत आलं. आता तिथे विजेच्या पंपांनी पाणी उपसून, चुना घालून धातू खाली बसवतात आणि मगच ते नदीत सोडतात.