डेकवरच्या टाक्यांची झाकणे : रंग कसे निवडावेत, कुठे द्यावेत (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपल्या बोटीच्या डेकवर तीन-चार गोल झाकणे असतील. एक डिझेलचे, एक गोड्या पाण्याचे, एक मैलापाणी उपसण्याचे, कधी पेट्रोलचेही. बहुतेक बोटींवर ही झाकणे एकाच मापाची, एकाच चकचकीत धातूची आणि एकाच चावीने उघडणारी असतात. त्यांवर कोरलेली अक्षरे मीठ बसून आणि चावी घासून पुसट झालेली असतात. मालकाला कुठले झाकण कशाचे ते पाठ असते, त्यामुळे त्याला यात धोका जाणवत नाही. पण नळी दर वेळी मालकाच्याच हातात असते असे नाही. ती धक्क्यावरच्या पंपवाल्याच्या हातात असते, नव्या खलाशाच्या असते, मदत करायला पुढे आलेल्या पाहुण्याच्या असते. रंग या माणसांसाठी द्यायचा असतो. आमच्याकडे झाकणे घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगतो, की आपली बोट पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाने कोणालाही न विचारता योग्य तोंडात नळी घातली पाहिजे.

चूक झाली तर काय होते

डिझेलच्या टाकीत पाणी गेले तर ते तळाशी बसते, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. इंधन ओढणारी नळीही तळाजवळच असते. फिल्टरमधला पाणी साठवणारा कप थोडेसे पाणी अडवतो. नळीभर पाणी त्याला झेपत नाही. पुढे इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर गंजतात. पाणी टाकीत तसेच राहिले तर डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात जीवाणू आणि बुरशी वाढते, आणि तिचा काळा चिकट गाळ नंतर बरेच दिवस फिल्टर तुंबवत राहतो.

पाण्याच्या टाकीत डिझेल जाणे त्याहून चिवट दुखणे आहे. थोडेसे डिझेलही सगळ्या टाकीला वास लावते. पॉलिथिनच्या टाकीचे प्लास्टिक ते शोषून घेते आणि कितीही धुतले तरी वास परत येतो. नळ्यांचेही तसेच. पुष्कळदा टाकी आणि नळ्या बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पेट्रोल चुकीच्या जागी जाणे मात्र जिवावर बेतू शकते. पेट घेण्याइतकी वाफ सोडायला डिझेल ५० अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही तशी वाफ सोडते. ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड असल्याने खाली उतरते आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते. डिझेल इंजिनाच्या खोलीतली विजेची उपकरणे पेट्रोलची वाफ गृहीत धरून बनवलेली नसतात. तिथे स्टार्टरची एक ठिणगी पुरते. मासेमारीच्या बोटींवर आणखी एक सापळा आहे. गळाची काठी खोचायचे गोल भोक कठड्याजवळ, टाकीच्या तोंडाशेजारीच असते आणि घाईत अगदी तसेच दिसते. अशा भोकात इंधनाची नळी घातली तर इंधन टाकीत न जाता थेट बोटीच्या पोटात उतरते. आपल्या बोटीवर अशी भोके असतील तर टाकीच्या तोंडाला रंग देणे पुढे ढकलू नका.

मैलापाण्याच्या तोंडात पाण्याची नळी घातली तर टाकी दाबाने फुगते, जोड सुटतात, आणि तीच नळी नंतर पिण्याच्या पाण्याला लागते. मैलापाण्याची टाकी धुवायची नळी वेगळी ठेवा आणि तिच्या टोकालाही त्या झाकणाचाच रंग द्या.

कुठला रंग कशाला

सगळ्या जगाने मान्य केलेली, लहान बोटींच्या झाकणांची एकच रंगसंगती नाही. हे सांगणे झाकणे विकणाऱ्याला सोयीचे नाही, पण आपल्याला ते माहीत असलेच पाहिजे. मोठ्या जहाजांवरच्या नळ्यांसाठी आयएसओ १४७२६ हे मानक आहे. त्यात इंधन तपकिरी, गोडे पाणी निळे, समुद्राचे पाणी हिरवे, सांडपाणी काळे आणि आग विझवण्याची यंत्रणा लाल. लहान बोटींसाठी तयार मिळणाऱ्या झाकणांत पेट्रोल बहुधा लाल, पाणी निळे आणि मैलापाणी काळे असते. डिझेल मात्र कुठे हिरवे, कुठे पिवळे. पंपावर गेलात तर गोंधळ आणखी वाढतो. अमेरिकेत अनेक पंपांवर डिझेलचे नोझल हिरवे असते. ब्रिटनमध्ये हिरवे नोझल म्हणजे शिसेविरहित पेट्रोल, आणि डिझेलचे नोझल काळे.

याचा अर्थ नीट पाहा. डिझेलच्या झाकणाला हिरवा रंग असेल आणि पंपवाल्याच्या डोक्यात हिरवे म्हणजे पेट्रोल असेल, तर आपला रंगच त्याला चुकीच्या नोझलकडे नेईल. मैलापाण्याचे काळे झाकणही अशा पंपावर डिझेलचे वाटू शकते. म्हणून आम्ही डिझेलला पिवळा रंग सुचवतो. अमेरिकेतल्या इंधनाच्या कॅनमध्येही डिझेल पिवळे आणि पेट्रोल लाल अशीच रीत आहे. पेट्रोलला लाल, गोड्या पाण्याला निळा आणि मैलापाण्याला काळा ठेवावा. काळ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत पूर्ण शब्द हवाच, आणि जमल्यास ते इतर झाकणांपासून दूर, दुसऱ्या बाजूला असावे.

हिरव्याला नकार देण्याचे दुसरेही कारण आहे. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणे ही रंगांधतेची सर्वांत सर्रास आढळणारी तऱ्हा आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ती सुमारे ८ टक्के असते. लाल झाकण पेट्रोलचे आणि हिरवे डिझेलचे ही जोडी नेमकी याच माणसांना फसवते. पिवळा आणि निळा हा फरक त्यांतल्या बहुतेकांना स्वच्छ दिसतो.

नव्या मोठ्या इंजिनांना धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, त्याची वेगळी टाकी असते. गाड्यांमध्ये त्याचे झाकण निळे असते. आपल्या बोटीवर ती टाकी असेल तर पाणी निळे आणि युरियाही निळा असे होऊ देऊ नका. युरियाच्या तोंडाला पांढरा रंग आणि मोठ्या अक्षरांत नाव द्या.

आधीच्या मालकाने वेगळी रंगसंगती लावली असेल आणि ती सगळीकडे सारखी असेल, तर केवळ आमच्या सल्ल्यासाठी ती मोडू नका. अर्धे जुने आणि अर्धे नवे रंग असलेली बोट एकही रंग नसलेल्या बोटीपेक्षा धोकादायक असते.

रंग झाकणाला नाही, तोंडाला

बहुतेक जण फक्त झाकण रंगवतात. पण नळी घालायच्या वेळी झाकण काढून बाजूला ठेवलेले असते, आणि समोर उरते ते रंग नसलेले भोक. दोन झाकणे एकदम काढली आणि त्यांचे आटे एकाच मापाचे असले, तर निळे झाकण डिझेलच्या तोंडावर सहज बसते. पुढच्या वेळी तो निळा रंगच खोटे सांगतो. म्हणून डेकला स्क्रूने पक्की असलेली कडी आधी रंगवा, झाकण नंतर. झाकण साखळीने किंवा दोरीने तोंडाला बांधलेले असावे. टाकी भरताना एका वेळी एकच झाकण उघडावे. हा नियम बोटीवरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तोच रंग खाली टाकीपर्यंत न्या. डेकखालच्या नळीला दोन्ही टोकांना त्या रंगाची पट्टी गुंडाळा, टाकीवर आणि झडपेवर त्याच रंगाची खूण करा. दुरुस्तीला आलेला मिस्त्री आपल्या डेकवरची झाकणे पाहत नाही, त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात फक्त नळ्या दिसतात.

आणि हे सगळे करण्याआधी प्रत्येक नळी हाताने चाचपत तोंडापासून टाकीपर्यंत जा. झाकणावर कोरलेल्या शब्दावर विसंबू नका. जुन्या बोटींवर टाक्यांची अदलाबदल झालेली असते, बंद केलेल्या टाकीचे तोंड डेकवर तसेच राहिलेले असते. चुकीच्या तोंडाला ठळक रंग दिला तर चूक पक्की होते.

शब्द

रंग लांबून बोलावतो, खात्री शब्द करतो. पुष्कळ झाकणांवर नुसते ‘फ्युएल’ असते. त्यातून इंधन आहे एवढेच कळते, कुठले ते कळत नाही. ‘डिझेल’ किंवा ‘पेट्रोल’ असा शब्दच हवा. आपण जिथे इंधन भरता तिथल्या माणसांना वाचता येईल त्या लिपीत लिहा. दोन भाषांत लिहायला हरकत नाही. उठावाची अक्षरे चावीने आणि बुटांनी झिजतात. खोल कोरून त्यात इपॉक्सी रंग भरलेली अक्षरे सर्वांत जास्त टिकतात. चिकटपट्टीवरची अक्षरे पाण्याच्या झाकणाला चालतात; डिझेलच्या झाकणावर सांडलेल्या थेंबांनी त्यांचा गोंद सुटतो.

रात्री इंधन भरणार असाल तर पांढरा दिवा वापरा. डोळ्यांना अंधाराची सवय टिकावी म्हणून लाल दिवा लावण्याची पद्धत आहे, पण त्या प्रकाशात लाल आणि पिवळे दोन्ही फिकट दिसतात, निळे आणि काळे दोन्ही गडद. कुठलीही रंगसंगती लाल प्रकाशात टिकत नाही.

स्वतः रंगवणार असाल तर

क्रोम चढवलेल्या पितळेवर नुसता रंग धरत नाही. बारीक पॉलिश पेपरने घासून, तेलकटपणा पूर्ण काढून, धातूला धरणारा प्राइमर द्या आणि वर दोन भाग मिसळून तयार होणारा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रंग लावा. साधा ऑइलपेंट इंधनाने मऊ पडून निघतो. लाल रंगाची बारकाईने निवड करा; स्वस्त लाल उन्हात सगळ्यांत आधी गुलाबी होतो. काही झाकणांना हवा जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते रंगाने बुजले तर टाकी श्वास घेऊ शकत नाही.

आटे, ओ-रिंग (झाकणातून गळती होऊ नये म्हणून लावलेले रबरी कडे) बसायची खाच आणि इंधनाच्या तोंडाची आतली कड यांना रंग लागू देऊ नका. ही आतली कड महत्त्वाची आहे. इंधन वाहताना स्थिर वीज तयार होते, आणि नोझल धातूच्या कडीला टेकलेले असले की ती निघून जाते. त्यासाठी धातूची कडी टाकीशी आणि बोटीच्या अर्थिंगशी तारेने जोडलेली असते. कडी काढून रंगवलीत तर ती तार पुन्हा जोडल्याशिवाय इंधन भरू नका.

ओ-रिंग बदलताना इंधनाच्या झाकणाला नायट्राइल रबराची घ्या. ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम, पण पेट्रोल-डिझेलमध्ये फुगते, आणि मग झाकण आवळूनही पावसाचे पाणी आत झिरपते.

चुकून भरलेच तर

भरणे लगेच थांबवा. डिझेलच्या टाकीत पाणी किंवा पेट्रोल गेले असेल तर इंजिन सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका. इंजिनाकडे जाणारी झडप बंद करा आणि टाकी उपसून घ्या. पाण्याच्या टाकीत डिझेल गेले असेल तर पाण्याचा पंप बंद ठेवा, म्हणजे निदान बोटीतल्या नळ्या आणि गीझर वाचतात.

पेट्रोल बोटीच्या पोटात गेले असेल, किंवा नुसता वास आला तरी, विजेचे कुठलेही बटण चालू किंवा बंद करू नका. सगळ्यांना बोटीवरून उतरवा, धक्क्यावरच्या लोकांना सांगून अग्निशमन दलाला बोलवा. पाणी चढले की आपोआप सुरू होणारा बिल्ज पंप ठिणगी पाडू शकतो आणि पेट्रोल समुद्रातही सोडतो, म्हणून त्याचा उल्लेख फोनवरच करा.

झाकणे मागवताना

वेगवेगळ्या उत्पादकांचे आटे एकमेकांत बसत नाहीत, एकाच मापाची नळी असली तरी. झाकणाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून मिलिमीटरमध्ये कळवा. नळीचे माप (बहुधा ३८ किंवा ५० मिमी), कडीच्या स्क्रूंच्या भोकांमधले अंतर, आणि चावीची खाच कशी आहे तेही कळवा. झाकणाला हवेचे छिद्र आहे का ते जरूर पाहा. हवा जाण्यासाठी वेगळी नळी असलेल्या टाकीला छिद्र नसलेले झाकण लागते, आणि जिथे छिद्र हवे तिथे बंद झाकण बसवले तर टाकीत निर्वात होऊन इंजिन बंद पडते. झाकण आणि कडी दोन्हींचे वरून आणि बाजूने फोटो पाठवलेत तर आमच्याकडून चुकीचे माप जाण्याची शक्यता कमी होते. फक्त झाकणे हवी आहेत की कडीसह पूर्ण संच, ते स्पष्ट लिहा. रंग देण्यासाठी कडी तीच ठेवायची असेल तर तिचा धातू कुठला तेही लिहा, त्यानुसार योग्य प्राइमर सोबत पाठवू.