ढेकर वरून आला की खालून?

आमच्या मावशीला दोन वर्षं 'ॲसिडिटी' होती, म्हणजे ती तसं सांगायची. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी), मग चहा, मग दिवसभर ढेकर, एकामागून एक, इतके की लग्नाकार्यात ती मुद्दाम मागच्या रांगेत बसायची. एंडोस्कोपी केली, ती स्वच्छ आली. यात नवल काही नाही बरं का, छातीत जळजळणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांची अन्ननलिका दुर्बिणीतून ठणठणीतच दिसते, कारण दुर्बिणीला जखम दिसते, दिवसातून कितीदा काय घशाशी येतं ते दिसत नाही. मग डॉक्टरांनी २४ तासांची पीएच-इंपिडन्स टेस्ट सांगितली आणि नाकातून नळी म्हटल्यावर काकांना थेट आयसीयूच दिसायला लागला.

नळी असते जेमतेम २ मिलिमीटरची, इअरफोनच्या वायरीएवढी. आधी मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी) करून अन्ननलिकेच्या तळाची झडप नेमकी कुठे आहे ते बघतात, मग पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) मोजणारा सेन्सर त्या झडपेच्या ५ सेंटिमीटर वर येईल इतकी नळी आत सोडून गालाला चिकटपट्टीने पक्की करतात. नळीवर धातूच्या बारीक कड्या असतात, शेजारशेजारच्या दोन कड्यांमध्ये अगदी किरकोळ करंट सोडतात (जाणवतसुद्धा नाही) आणि तो करंट किती अडतोय ते कमरेला लटकवलेलं यंत्र सतत नोंदवत राहतं. हे अडणं म्हणजेच इंपिडन्स.

ओल्या हाताने बटण दाबू नको म्हणून आई का ओरडायची आठवा, सगळं त्यातच आलं. पोटातलं क्षार-आम्लाचं पाणी वर आलं की कड्या ओल्या होतात, करंट सुळकन जातो, इंपिडन्स धाडकन पडतो. हवा आली की उलट, आकडा एकदम उसळतो. आणि कड्यांच्या जोड्या एकावर एक असल्याने दिशाही कळते. रात्री जिन्यातले सेन्सरचे दिवे पेटताना बघितले की माणूस चढतोय का उतरतोय ते दार न उघडता समजतं ना, तसंच: घोट गिळला तर वरची जोडी आधी हलते, पोटातलं उलटं आलं तर खालची.

ही युक्ती १९९१ मध्ये जर्मनीतल्या आखेनच्या सिल्नी नावाच्या संशोधकांनी मांडली. त्याआधी नुसती पीएचची नळी घालायचे, म्हणजे तिला एकच प्रश्न विचारता यायचा, आंबट आहे का? पीएच ४ च्या खाली गेला तर हो, नाहीतर काही झालंच नाही. आता गंमत अशी की जेवणानंतर अन्नामुळे पोटातलं आम्ल काही वेळ सौम्य होतं, आणि गोळी चालू असेल तर ते मुळातच कमी असतं, पण झडप ढिली ती ढिलीच, माल वर येतच राहतो, फक्त आंबट नसतो. गोळी आंबटपणा कमी करते, उलटं येणं थांबवत नाही, हे कोणी पेशंटला नीट सांगतच नाही.

रिपोर्टमध्ये डॉक्टर आधी बघतात एकूण वेळ. दिवसातला ६ टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळजवळ दीड तास, अन्ननलिका आम्लात असेल तर रिफ्लक्स (पोटातलं उलटं वर येण्याचा आजार) पक्का, ४ टक्क्यांच्या आत असेल तर नॉर्मल. मधे लोंबकळलं तर बाकीचं बघायचं: २४ तासांत ८० पेक्षा जास्त वेळा वर आलं का, आणि रात्री शांत झोपेत अन्ननलिकेच्या अस्तराचा स्वतःचा इंपिडन्स किती आहे. आम्लाने झिजलेलं अस्तर ओल धरलेल्या भिंतीसारखं असतं, पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि करंट सहज जातो. १५०० ओहमच्या खाली असेल तर संशय वाढतो, २५०० च्या वर असेल तर बहुतेक नाहीच.

यंत्राला बटणं असतात, जळजळलं की दाबायचं, जेवायला बसताना आणि उठताना, आडवं पडताना पण. बटण दाबण्याआधीच्या दोन मिनिटांत खरंच काही वर आलं होतं का ते नंतर जुळवून बघतात. टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर गोळी बंद ठेवायला सांगतात, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. एक मात्र मी ठासून सांगेन, त्या दिवशी नळीच्या धास्तीने मऊ भातावर राहू नका, रोजचं खा, नाहीतर रिपोर्ट त्या भाताचाच येईल. मावशीने पदराआड नळी लपवून झणझणीत उसळ-भाकरी खाल्ली, शाबास!

तिच्या आम्लाचा वेळ निघाला २ टक्के. पण हवेचा आलेख भलताच मजेशीर होता. पोटातून येणाऱ्या ढेकरात हवा खालून वर येते, तिच्यात हवा वरून आत शिरत होती आणि पोटात पोचायच्या आधीच, सेकंदाभरात, आल्या वाटेने बाहेर. दिवसभर शेकडो वेळा, आणि झोपेत एकदाही नाही. न कळत लागलेली सवय होती ती, पित्ताचा काही संबंध नाही.

डॉक्टरांनी गोळी थांबवून तिला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, तिथे पोटाने श्वास घ्यायला शिकवतात. सुरुवातीला मावशी वैतागली, ढेकराला कसली आलीय शिकवणी म्हणून. आता ढेकर बरेच कमी आहेत. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं अजून फ्रीजवर आहेत, काका आल्यागेल्याला देत असतात.