रंगीत आयशॅडो (घरगुती)

वरच्या पापणीवर, पापणीच्या घडीत आणि हवं तर खालच्या कडेला पावडर किंवा क्रीमचा रंग लावून डोळे उठावदार करायचे, त्याला आयशॅडो म्हणतात. ब्राऊन, पीच असे बेताचे रंग बाजूला ठेवून निळा, मोरपंखी, केशरी, राणी, जांभळा असे भडक रंग दोन-तीन एकत्र लावले की झाला बोल्ड लूक. खान्देशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हळदीला, लग्नाला, कॉलेजच्या गॅदरिंगला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना पोरी-बाया हे आता घरीच करतात.

उगमाबद्दल लिहिताना डोळ्याच्या कडेचं काळं आणि पापणीवरचा रंग यांची नेहमी गल्लत होते, ते वेगळं ठेवलेलं बरं. पापणीवर रंग लावायचा सगळ्यात जुना ठळक पुरावा इजिप्तचा धरतात. तिथल्या बदारी संस्कृतीच्या थडग्यांत रंग वाटायच्या दगडी पाट्या आणि मॅलॅकाइट हे हिरवं खनिज मिळालंय, काळ साधारण इ.स.पू. पाचव्या सहस्रकाचा शेवट, थोडा मागेपुढे. काळ्यासाठी गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज वापरायचे, आणि १९९९ साली फ्रेंच संशोधकांनी लूव्र म्युझियममधले नमुने तपासून दाखवलं की त्यातली शिशाची काही संयुगं निसर्गात सहसा न मिळणारी, मुद्दाम तयार केलेली होती. आपल्याकडे हडप्पा संस्कृतीत आणि पुढे दख्खनच्या सातवाहनकालीन थरांतही तांब्याच्या अंजनशलाका सापडतात, पण शलाकेने डोळ्यात रेघ ओढतात, पापणीभर रंग पसरवत नाहीत, त्यामुळे शलाका मिळाली म्हणून आयशॅडो होती असं म्हणणं ओढूनताणून होतं.

दुसरा वाद अजिंठ्याचा. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण जळगावहून जेमतेम ६० किलोमीटर, खान्देशाच्या दक्षिणेकडच्या डोंगरातच. तिथल्या चित्रांत काही चेहऱ्यांच्या पापण्यांवर, भुवईखाली गडद छटा दिसते, त्यावरून त्या काळी बायका पापण्या रंगवायच्या असं काही जण म्हणतात. त्यापेक्षा ही छटा चित्रकाराची वर्तना, म्हणजे गोलाई दाखवायची पद्धत, असं मानणं जास्त सुरक्षित वाटतं, कारण तशीच छटा नाकाच्या कडेला, हनुवटीखाली, पुरुषांच्या चेहऱ्यावरही आहे. चित्रांच्या काळाबद्दल पण एकमत नाही, अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक बहुतेक महायान लेणी साधारण इ.स. ४६० ते ४८० मध्ये बसवतात, काही अभ्यासक काम पुढे सहाव्या शतकापर्यंत नेतात, स्पिंक यांची मांडणी तपशिलात जास्त जुळते. रंग मात्र पक्के माहीत आहेत : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि लाजवर्द या दगडाचा निळा, जो बाहेरून, बहुधा अफगाणिस्तानातून यायचा.

चेहरा रंगवायचा लेखी आधार हवा तर तो नाट्यशास्त्रात आहे (काळ ढोबळ इ.स.पू. २०० ते इ.स. २००, काही जण आणखी अलीकडे आणतात). त्यात सित (पांढरा), नील, पीत, रक्त (लाल) हे चार मूळ रंग सांगून मिश्रणं दिलीत : नील-पीत मिळून हरित, सित-रक्त मिळून पद्म (कमळासारखा गुलाबी), नील-रक्त मिळून काषाय (तपकिरीकडे झुकणारा तांबडा). ते सांगितलंय नटाच्या रंगभूषेसाठी, पण आज घरी पॅलेट घेऊन बसणारीला यातलं शेवटचं नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण निळा आणि लाल पापणीवर घासत राहिलं की जांभळा होईलच असं नाही, बरेचदा मळकट तपकिरी होतो. जांभळा हवा तर जांभळाच घ्यावा. निळ्या-पिवळ्याचं तसं नाही, त्यांच्यामधे हिरवा आपोआप उतरतो.

पावडर आयशॅडोत मुख्य भर टाल्क आणि अभ्रकाचा, धरून ठेवायला मॅग्नेशियम स्टिअरेट किंवा झिंक स्टिअरेट, थोडं सिलिकॉन तेल, आणि मग रंगद्रव्य. लाल, पिवळ्या, काळ्यासाठी लोहाचे ऑक्साइड, निळ्यासाठी अल्ट्रामरीन, हिरव्यासाठी क्रोमियमचे ऑक्साइड, जांभळ्यासाठी मँगनीज व्हायोलेट, राणी रंगासाठी किड्यापासून काढलेलं कार्माइन. शिमरची, म्हणजे चमकणाऱ्या शॅडोची, चमक म्हणजे अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर, त्याची जाडी किंवा बघायचा कोन बदलला की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, म्हणून एकच शेड मान हलवली की हिरवी-जांभळी दिसते. सावळ्या रंगावर फिकट पेस्टल शेड राखेसारखी दिसते कारण तिच्यात पांढरी भर जास्त असते, रंगद्रव्य कमी. गडद, भरलेला रंग सावळ्या पापणीवर जितका सुंदर उठतो तितका गोऱ्यावर पण उठत नाही, आणि हे इथल्या पोरींना कोणीतरी ठासून सांगायला हवं.

लावताना सगळा खेळ बेसचा. पापणी कोरडी करून प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) किंवा कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) अगदी पातळ, त्यावर भडक रंगाच्या जागेपुरती पांढरी आय पेन्सिल, बोटाने थोपटून. मग घडीत आधी मऊ, फुगीर ब्रशने केशरी किंवा विटकरी मॅट (बिनचमकीचा), हात इकडून तिकडे हलका. त्यानंतर चपट्या ब्रशवर मोरपंखी घेऊन पापणीवर दाबायचा, दाबायचाच, फिरवला तर खालचा पांढरा उखडतो आणि रंगात भेगा पडतात. दोन रंगांची शीव तेवढी स्वच्छ ब्रशने मोडायची. शिमर बोटाने किंवा किंचित ओल्या ब्रशने मधोमध. घडी झाकली जाणारा डोळा असेल तर डोळा उघडा ठेवून, समोर बघत, घडीच्या थोडं वर रंग चढवावा. गालावर पावडर गळतेच म्हणून फाउंडेशन नंतर.

इथलं हवामान वेगळं सांभाळावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लग्नं नेमकी तेव्हाच, मग क्रीम शॅडो तासाभरात घडीत गोळा होते, पावडरच बरी. कूलरसमोर बसून मेकअप करू नये, कूलरची हवा दमट असते, ब्रशवर पावडरचे गठ्ठे होतात आणि पंख्याने राहिलेली उडते, तेवढ्यापुरतं दोन्ही बंद करावं. श्रावणात कानबाईच्या वेळी दमटपणा जास्त, तेव्हा प्रायमरवर चिमूटभर सेटिंग पावडर मारली की टिकते.

सातपुड्यात होळीला नवस बोललेले आदिवासी पुरुष, ज्यांना बुध्या, बावा म्हणतात, अंगभर पांढऱ्या नक्षीने रंगतात, ती व्रताची वेगळी परंपरा आहे, तिला मेकअपच्या खात्यात टाकू नये.

डोळ्याजवळ गुलाल, कुंकू, रांगोळीचा रंग लावायचा नाही म्हणजे नाही. रांगोळी दगडाची भुकटी, आणि क्राफ्टच्या चमकीचे कोपरे बुबुळ खरवडतात. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं घातलेलं कॉस्मेटिक बनवायला भारतात बंदी आहे, तरी सुट्टा सुरमा आणि बिनलेबलचं पॅलेट टाळावं. नवीन पॅलेट कोपराच्या आत लावून एक दिवस बघावं. लेन्स वापरणारीने मेकअपच्या आधी लेन्स घालावी आणि मेकअप पुसायच्या आधी काढावी. पुसायला खोबरेल चालतं, कापूस डोळ्यावर थोडा वेळ धरून मग खाली ओढायचा. राणी आणि जांभळ्याचा डाग दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू शकतो, त्यासाठी घासू नये.