पॅरिस–रुबे

उत्तर फ्रान्समध्ये दर वर्षी एप्रिलमध्ये, बहुधा बेल्जियममधल्या टूर ऑफ फ्लँडर्स या शर्यतीनंतरच्या रविवारी होणारी एकदिवसीय व्यावसायिक सायकल शर्यत. १८९६ मध्ये सुरू झालेली ही शर्यत दोन महायुद्धांतली काही वर्षे (१९१५–१८ आणि १९४०–४२) व करोना साथीचे २०२० हे वर्ष सोडले तर कधी चुकलेली नाही. एकूण अंतर सुमारे २६० किमी. त्यातला जवळपास ५५ किमी रस्ता घडीव दगडांच्या जुन्या फरसबंदीचा असतो आणि शर्यतीची सारी कीर्ती या ५५ किमीवर उभी आहे. ‘अभिजात शर्यतींची राणी’ आणि ‘उत्तरेचा नरक’ अशी तिला दोन टोपणनावे आहेत. राणी आणि नरक एकाच शर्यतीला कसे म्हणायचे, हा प्रश्न तिच्या चाहत्यांना पडत नाही.

मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट निकाल ठरवतो आणि ‘घाटांचा राजा’ हा वेगळा मान असतो; मराठी वाचकाच्या मनात सायकल शर्यतीची कसोटी म्हणजे चढ. पॅरिस–रुबेच्या वाटेवर घाट सोडाच, नाव घेण्याजोगी टेकडीही नाही. सपाट मुलूख, साखरबीटची शेते, विटांची गावे आणि कोळशाच्या खाणींतून निघालेल्या मातीचे ढिगारे. इथे कस लागतो तो रस्त्यामुळे.

रुबे हे बेल्जियमच्या सीमेलगतचे कापडगिरण्यांचे शहर. तेओदोर व्हियेन आणि मोरिस पेरेझ या तिथल्या दोन गिरणीमालकांनी १८९५ मध्ये सायकल शर्यतींसाठी एक धावपट्टी, म्हणजे वेलोड्रोम, बांधला. तिथे गर्दी खेचायची तर काहीतरी मोठे हवे, म्हणून पॅरिसहून निघून आपल्या धावपट्टीवर संपणाऱ्या शर्यतीची कल्पना त्यांनी ‘ल व्हेलो’ या पॅरिसच्या क्रीडा दैनिकाकडे मांडली. सायकलपटूंत त्या काळी बोर्दो–पॅरिस या जवळजवळ ६०० किमीच्या शर्यतीचा दबदबा होता. तिच्याआधी काही आठवडे पाय मोकळे करायला ही शर्यत बरी पडेल, असे त्यांनी पत्रात सुचवले होते. नंतर कित्येकांचे हातपाय मोडलेल्या शर्यतीची ही अशी सुरुवात.

दैनिकाने मार्ग पाहायला व्हिक्टर ब्रेये या पत्रकाराला धाडले. आमियाँपर्यंत तो मोटारीने गेला. दुसऱ्या दिवशी पुढचा रस्ता त्याने सायकलवरून तुडवला, तोही पाऊस, वारा आणि थंडी झेलत. रुबेला तो चिखलाने माखून, पार गळून पोहोचला. या रस्त्यावर माणसे सोडणे धोक्याचे आहे, बेत रद्द करा, अशी तार करायची असे त्याने मनाशी ठरवले होते. पण रात्री रुबेकरांनी त्याला खाऊपिऊ घातले आणि तार राहून गेली. १९ एप्रिल १८९६ रोजी शर्यत झाली. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मे जण सुरुवातीला फिरकलेच नाहीत. जर्मनीच्या योझेफ फिशरने सुमारे २८० किमीचे अंतर सव्वानऊ तासांच्या आसपास कापून १००० फ्रँकचे बक्षीस नेले. तिसरा आला मोरिस गारँ. याचे रुबेतच सायकलचे दुकान होते, त्यामुळे गावाचा लाडका तोच. पुढची दोन वर्षे, १८९७ आणि १८९८, तो जिंकला आणि १९०३ मध्ये पहिल्या तूर द फ्रान्सचाही तोच विजेता ठरला. फिशरनंतर दुसरा जर्मन विजेता यायला मात्र २०१५ साल उजाडावे लागले (जॉन डेगेनकोल्ब).

सुरुवातीच्या वर्षांत स्पर्धकापुढे वारा अडवायला वेगळ्या सायकली, जोडसायकली आणि काही काळ मोटारीही धावत. १९१० पासून ही सोय पूर्ण बंद झाली. ‘ल व्हेलो’ही टिकले नाही. द्रेफ्यूस प्रकरणावरून (एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून फ्रान्समध्ये उसळलेला वाद) त्याचे मोठ्या जाहिरातदारांशी बिनसले. त्यांनी काढलेल्या ‘लोटो’ या प्रतिस्पर्धी दैनिकाने तूर द फ्रान्स सुरू केली आणि ही शर्यतही आपल्याकडे घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘लोटो’च्या जागी ‘लेकिप’ आले. आज त्याच उद्योगसमूहातली संस्था शर्यत भरवते.

‘नरक’ हे नाव

दगडी रस्त्यांमुळे या शर्यतीला नरक म्हणतात, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धाची आघाडी नेमकी या भागातून गेली होती. ओक्ताव लापीझ (१९०९ ते १९११ असा सलग तीनदा विजेता) आणि फ्रांस्वा फाबेर (१९१३) हे दोघे जुने विजेते युद्धात मारले गेले. युद्धबंदी झाल्यावर रस्ता शिल्लक आहे का आणि रुबे तरी जाग्यावर आहे का, हे पाहायला १९१९ मध्ये पत्रकारांची एक गाडी निघाली. सोबत सायकलपटू एजेन क्रिस्तॉफही होता. आराससारख्या शहरांच्या पुढे त्यांना झाड दिसेना, घर दिसेना. तोफगोळ्यांचे खड्डे आणि त्यांतून वर आलेले क्रूस तेवढे दिसत. वृत्तांतात ‘नरक’ हा शब्द आला तो या भूमीसाठी. त्या वर्षीची शर्यत ऑन्री पेलिसियेने बारा तासांहून अधिक वेळ घेऊन जिंकली. वाटेत फाटकावर आगगाडी आडवी उभी होती, तेव्हा पठ्ठ्या सायकल घेऊन एका दारातून डब्यात चढला आणि पलीकडच्या दाराने उतरला.

युद्धाच्या खुणा बुजल्या, नाव राहिले आणि हळूहळू ते दगडांना चिकटले.

दगडांचा शोध

पहिली कित्येक दशके या दगडांचे कोणालाच अप्रूप नव्हते, कारण उत्तर फ्रान्सचे बहुतेक रस्ते तसेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. टेलिव्हिजन आले आणि आपल्या गावचा खडबडीत रस्ता साऱ्या देशाला दिसावा हे तिथल्या महापौरांना लाजिरवाणे वाटू लागले. शर्यत आपल्या गावातून जाणार असे कळले की ते आधी डांबर टाकून घेत. (पाहुणे येणार म्हणून रातोरात रस्ता गुळगुळीत होणे आपल्याही परिचयाचे आहे.) १९६५ पर्यंत दगडी रस्ता जेमतेम २२ किमी उरला. १९६४ मध्ये हॉलंडच्या पेटर पोस्टने ताशी ४५.१२९ किमीची सरासरी राखली, त्यात या डांबराचाही वाटा होता. तो विक्रम थेट २०१७ मध्ये मोडला. १९६७ मध्ये तर मोठा घोळका शेवटपर्यंत एकत्र राहिला आणि यान यान्सेनने साध्या स्प्रिंटमध्ये बाजी मारली. ही शर्यत आता इतर कोणत्याही शर्यतीसारखी झाली आहे, हे आयोजकांना तेव्हा कळून चुकले.

मग उलटा प्रवास सुरू झाला. आयोजकांपैकी आल्बेर बुव्हे या माजी सायकलपटूला खराब रस्ते शोधायला पाठवण्यात आले. त्याला वाट दाखवली झाँ स्ताब्लिन्स्कीने. हा पोलिश वंशाचा, १९६२ चा विश्वविजेता आणि त्याआधी पोरवयात आरँबेर्गच्या कोळसाखाणीत राबलेला. खाणीशेजारच्या जंगलातून जाणारी सरळसोट दगडी वाट त्याच्या पायाखालची होती. १९६८ मध्ये ती प्रथमच शर्यतीत आली आणि त्या वर्षी बेल्जियमचा एडी मेर्क्स जिंकला. आरँबेर्गच्या जंगलाच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून गेलेला एकच सायकलपटू म्हणजे स्ताब्लिन्स्की, असे तिथे सांगतात. या वाटेच्या तोंडाशी त्याचे स्मारक आहे.

सरळ रस्ते डांबरी झाल्याने शर्यत आडवळणाला लागली आणि पॅरिस नावापुरतेच उरले. १९६६ मध्ये सुरुवातीचे ठिकाण राजधानीबाहेर शाँतियीला गेले; १९७७ पासून ते आणखी उत्तरेला काँपियेन्य येथे आहे. आजचे दगडी तुकडे हे बहुतांशी शेतांमधल्या पाणंदी आहेत. एरवी त्यांवरून ट्रॅक्टर आणि बीटच्या ट्रॉल्या जातात. असे तीसएक तुकडे असतात. त्यांचे क्रमांक उलटे लावलेले असतात, म्हणजे पहिला तुकडा सर्वांत मोठ्या क्रमांकाचा आणि १ क्रमांक रुबेत. लांबी आणि अवस्था पाहून त्यांना एक ते पाच तारे देतात. पाच तारे मिळालेले तिघेच : आरँबेर्ग (सुमारे २.३ किमी), माँ-झाँ-पेव्हेल (३ किमी) आणि शेवटून सतराएक किमीवरचा कारफूर द लार्ब्र (२.१ किमी).

या पाणंदींची निगा राखायला ‘पॅरिस–रुबेचे मित्र’ ही स्वयंसेवकांची संघटना आहे. बागकाम शिकवणाऱ्या स्थानिक शाळांतली मुले दगड उखडून, खाली वाळू घालून ते पुन्हा बसवतात. रस्ता खराबच राहावा, पण जीवघेणा होऊ नये, इतपत दुरुस्ती करायची हे मोठे नाजूक काम आहे. आरँबेर्गमध्ये दगडांच्या सांदीत उगवणारे गवत ओले झाले की चाके घसरतात; ते खायला अलीकडे तिथे शेळ्या सोडतात. २०२४ मध्ये जंगलात शिरण्याआधी वेग कमी व्हावा म्हणून वळण घालण्यात आले, त्यावरूनही सायकलपटूंत बरीच तूतूमैंमैं झाली.

दगडांवरची सायकल

कोरड्या वर्षी फुफाटा, ओल्या वर्षी राड. दोन्हींत वाईट काय यावर एकमत नाही. दगडी वाट मधोमध फुगीर आणि कडेला खचलेली असते. पटाईत सायकलपटू फुगवट्यावरून चालवतो किंवा कडेची हातभर माती धरतो, पण त्या मातीतच काच आणि अणकुचीदार खडे लपलेले असतात. वेग कमी केला तर धक्के वाढतात, म्हणून भीती वाटेल तिथेच जोर लावायचा, हा इथला उफराटा नियम आहे. हँडल घट्ट आवळले तर हातांना फोड येतात, सैल धरले तर सुटते. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी पुढे राहण्यासाठी जी रेटारेटी होते, तिच्यातच पुष्कळ जण पडतात.

१९९० च्या दशकात काहींनी पुढच्या चिमट्याला धक्के शोषणारी स्प्रिंगची यंत्रणा लावून पाहिली. फ्रान्सचा जिल्बेर द्युक्लो-लासाल तशा सायकलवर १९९२ आणि १९९३ मध्ये जिंकला, तेही वयाच्या ३७व्या आणि ३८व्या वर्षी. ती टूम मागे पडली. आज भर आहे तो रुंद टायर आणि कमी हवा यांवर. बाकी सायकलीही सुधारल्या आणि २०२४ मध्ये सरासरी ताशी ४७.८ किमीवर गेली.

वाद, दैव आणि हट्ट

१९३४ मध्ये प्रथम आलेल्या रोजे लापेबीला सायकल बदलल्याबद्दल बाद करण्यात आले. १९४९ चा घोळ अधिक मोठा. आघाडीवर असलेल्या आंद्रे माएला वेलोड्रोमच्या दाराशी चुकीची दिशा दाखवली गेली, तो भिंतीला वळसा घालून भलत्याच दाराने आत शिरला आणि जिंकला. मागून आलेल्या घोळक्यात पहिला होता सेर्से कोपी, प्रख्यात फाउस्तोचा धाकटा भाऊ. तक्रारी, अपिले असे महिनोन्‌महिने चालून शेवटी दोघांनाही संयुक्त विजेते ठरवले. २००६ मध्ये बंद फाटक ओलांडल्यामुळे दुसरा, तिसरा आणि चौथा आलेले तिघेही बाद झाले.

फ्रान्सच्या बेर्नार इनोला ही शर्यत मूर्खपणा वाटे आणि तो ते उघड बोलून दाखवी. तरीही १९८१ मध्ये विश्वविजेत्याची जर्सी घालून तो उतरला, वारंवार आपटला, शेवटी एका कुत्र्यानेही त्याला पाडले, आणि तो जिंकला. मत मात्र बदलले नाही. इटलीचा फ्रांको बालेरिनी १९९३ मध्ये द्युक्लो-लासालकडून केवळ काही सेंटिमीटरने हरला आणि पुन्हा येणार नाही म्हणाला. तो १९९५ आणि १९९८ मध्ये जिंकला. त्याच १९९८ मध्ये बेल्जियमचा योहान मुसेउ आरँबेर्गमध्ये पडला. गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळली, पाय कापावा लागेल अशी वेळ आली. दोन वर्षांनी इथेच जिंकून शेवटची रेषा ओलांडताना त्याने तोच डावा पाय वर उचलून गुडघ्याकडे बोट दाखवले. २०१६ चा विजेता, ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन, पाचसहा आठवड्यांपूर्वी हात मोडल्याने घरातच स्थिर सायकलवर सराव करून आला होता. त्याने हरवले ते टॉम बोननला, जो पाचव्या विजयासाठी झटत होता.

चार विजयांचा विक्रम रोजर द व्लामिंक (१९७२, १९७४, १९७५, १९७७) आणि बोनन (२००५, २००८, २००९, २०१२) या दोघा बेल्जियनांच्या नावावर आहे. शर्यत फ्रान्सची असली तरी पन्नासहून अधिक विजय बेल्जियमचे आहेत. फ्रान्सचा शेवटचा पुरुष विजेता १९९७ चा फ्रेदेरिक गेदाँ. सलग तीन विजयांची लापीझची कामगिरी इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने (१९७८–८०) आणि हॉलंडच्या मॅथ्यू व्हान डर पूलने (२०२३–२५) केली.

महिलांना तब्बल १२५ वर्षे थांबावे लागले. पहिली महिला शर्यत २०२० मध्ये ठरली आणि साथीमुळे २ ऑक्टोबर २०२१ वर गेली. दनँहून सुरू झालेली ११६ किमीची ही शर्यत ब्रिटनच्या लिझी डेगननने ८० किमीहून अधिक अंतर एकटीने आघाडीवर राहून जिंकली. शेवटी तिच्या हँडलवर तळहातांचे रक्त होते. तिचे बक्षीस १५३५ युरो होते, तर दुसऱ्या दिवशी चिखलात जिंकलेल्या सोनी कोलब्रेलीचे ३०,००० युरो. या तफावतीवर टीका झाली, ती योग्यच होती.

शर्यत अजूनही रुबेच्या वेलोड्रोमवरच संपते. १९८६–८८ ही तीन वर्षे तेवढी ती एका पुरस्कर्त्या कंपनीच्या कचेरीसमोरच्या रस्त्यावर संपली. धावपट्टी मात्र पहिली नव्हे, १९४३ पासून वापरात असलेली. तिच्याजवळच्या न्हाणीघरात सिमेंटचे बुटके आडोसे आहेत आणि प्रत्येकावर एकेका जुन्या विजेत्याचे नाव पितळी पट्टीवर कोरलेले आहे. संघांच्या सुसज्ज बस बाहेर उभ्या असतानाही काही जण आवर्जून इथेच अंग धुतात. विजेत्याला १९७७ पासून करंडक म्हणून बैठकीवर बसवलेला एक दगड मिळतो, वाटेतल्या फरसबंदीतलाच.