एक रहस्यकथा, सतरा मेंदू

२५ जुलै २०१० रोजी ‘बीबीसी वन’वर ‘शेरलॉक’ मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. नाव होतं ‘अ स्टडी इन पिंक’. अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेला लष्करी डॉक्टर जॉन वॉटसन, लंडनमध्ये एकामागून एक घडणाऱ्या आणि आत्महत्या वाटणाऱ्या मृत्यूंचं गूढ, आणि पोलिसांच्या पत्रकार परिषदेत सगळ्या पत्रकारांच्या फोनवर एकाच क्षणी येणारा ‘चूक!’ हा संदेश. मालिका गाजली, बेनेडिक्ट कंबरबॅच घराघरांत पोहोचला, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पण हाच भाग पुढे मेंदूच्या प्रयोगशाळेत गेला आणि स्मरणशक्तीच्या अभ्यासातलं एक महत्त्वाचं साधन बनला, ही गोष्ट मेंदूविज्ञानाच्या बाहेर फारशी पोहोचलेली नाही. ती पोहोचायला हवी, कारण रहस्यमालिका बघताना आपल्या डोक्यात नेमकं काय चालतं, याचं आजवरचं सर्वांत स्पष्ट चित्र त्यातूनच मिळालं आहे.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनिस चेन, उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला आणि २०१७ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात तो छापून आला. मालिका आधी न पाहिलेल्या लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांनी या भागाची पहिली ४८ मिनिटं दोन टप्प्यांत दाखवली. मूळ भाग सुमारे दीड तासाचा, म्हणजे खुनी कोण हे कळायच्या आधीच पडदा बंद. मग प्रत्येकाला यंत्रात तसंच पडून राहून, जे पाहिलं ते आपल्या शब्दांत, क्रमाने, जमेल तितक्या तपशिलाने सांगायला लावलं. किमान दहा मिनिटं बोला, एवढीच अट. मध्ये कुणी प्रश्न विचारला नाही, कुणी दृश्याची आठवण करून दिली नाही. एक जण जेमतेम ११ मिनिटं बोलला, एक जण तब्बल ४४ मिनिटं. संशोधकांनी त्या फिल्मचे ५० प्रसंग पाडले होते; लोकांनी त्यातले सरासरी ३४ सांगितले. एकदाच पाहून, टिपणं न घेता! शेवटी १७ जणांची मोजमापं विश्लेषणासाठी वापरली गेली.

याचं अप्रूप का, ते समजायला आधीचे प्रयोग आठवावे लागतील. स्मृतीचा अभ्यास अनेक दशकं शब्दांच्या याद्यांवर आणि सुट्ट्या चित्रांवर चालला होता. ‘टेबल, नदी, हातोडा’ असे शब्द दाखवायचे आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते मोजायचं. त्यातून पुष्कळ कळलं, नाही असं नाही. पण माणूस आयुष्यात याद्या लक्षात ठेवत नाही, तो प्रसंग लक्षात ठेवतो: कोण कुठे होतं, कोण काय म्हणालं, त्यामुळे पुढे काय झालं. गुप्तहेराची गोष्ट तर प्रेक्षकाला हेच काम सतत करायला लावते. मेलेल्या बाईच्या कोटाची कॉलर ओली का, तिची बॅग कुठे गेली, हे मनात धरून ठेवल्याशिवाय पुढचा प्रसंग समजतच नाही.

एमआरआय यंत्र विचार वाचत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की त्याच्याकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. तो बदल यंत्र टिपतं. हा ओघ मंद असतो, त्याला शिगेला पोहोचायला चार-पाच सेकंद लागतात. काही मिलिमीटरच्या हजारो ठोकळ्यांमध्ये मेंदू विभागून दर दीड सेकंदाला प्रत्येक ठोकळ्याची नोंद घेतली, की एखाद्या प्रसंगाच्या वेळी तिथे कसा आकृतिबंध उमटला ते दिसतं.

या नोंदींचा अर्थ लावायची युक्ती हॅसन यांनी आधीच शोधून ठेवली होती. २००४ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी एक साधी पण भन्नाट कल्पना मांडली. मेंदूत काय ‘असायला हवं’ हे आपण ठरवायचंच नाही. एका प्रेक्षकाच्या मेंदूची दुसऱ्या प्रेक्षकाच्या मेंदूशी तुलना करायची. दोघांनी तीच फिल्म पाहिली आणि मेंदूच्या एखाद्या भागातले चढउतार दोघांतही एकाच वेळी झाले, तर त्या भागाला ती फिल्म चालवते आहे. २००८ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या चित्रफितींची तुलना केली. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये एका जागी कॅमेरा लावून टिपलेलं, संकलन न केलेलं दृश्य दाखवलं, तर मेंदूच्या बाह्य थराचा, म्हणजे कॉर्टेक्सचा, जेमतेम ५ टक्के भाग प्रेक्षकांमध्ये एका तालात चालला. एका विनोदी मालिकेने १८ टक्के भाग एका तालात आणला, एका गाजलेल्या वेस्टर्न चित्रपटाने ४५ टक्के. आणि आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६१ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘बँग! यू आर डेड’ या भागाने ६५ टक्के! हा आकडा कलाकृतीच्या दर्जाचा नाही, हे हॅसन यांनीही स्पष्ट केलं आहे. प्रत्येकाला वेगळं काही वाटू देणारी कलाकृती तितकीच थोर असू शकते. आकडा सांगतो तो एवढंच, की दिग्दर्शकाची पकड किती घट्ट होती. पण रहस्यकथेत ही पकड हेच तर कसब असतं. कुठला पुरावा कधी दाखवायचा आणि कधी नजर दुसरीकडे वळवायची, यावरच सगळा डोलारा उभा असतो.

एकच फिल्म पाहताना मेंदू एका तालात चालतात, हे तसं समजण्यासारखं आहे. समोर चित्र तेच, आवाज तोच. चेन यांच्या प्रयोगातला खरा धक्का त्याच्या पुढचा. पडदा काळा आहे, कानात काही नाही, प्रत्येक जण आपापल्या शब्दांत, आपापल्या वेगाने बोलतो आहे. तरीही पत्रकार परिषदेचा प्रसंग सांगताना एकाच्या मेंदूत उमटणारा आकृतिबंध, तोच प्रसंग सांगणाऱ्या दुसऱ्याच्या मेंदूतल्या आकृतिबंधाशी जुळत होता. हे साम्य कुठे होतं? पाहण्या-ऐकण्याच्या प्राथमिक भागांत नव्हे, तर मुख्यतः मेंदूच्या मागच्या बाजूला, दोन गोलार्धांच्या मधल्या भिंतीत. परिस्थिती, माणसं, त्यांचे हेतू यांचा मेळ घालणाऱ्या जाळ्यातला हा भाग आहे.

त्याहून विलक्षण म्हणजे, यातल्या अनेक ठिकाणी एकाची आठवण आणि दुसऱ्याची आठवण यांतलं साम्य हे आठवण आणि प्रत्यक्ष पाहणं यांतल्या साम्यापेक्षा जास्त होतं. म्हणजे पाहिलेलं साठवताना मेंदू त्यात बदल करतो. आणि हा बदल प्रत्येकाचा मनमानी नसतो, बराचसा सगळ्यांत सारख्याच दिशेने होतो. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा निष्कर्ष सर्वांत मोठा वाटतो. आठवण म्हणजे खाजगी, दुसऱ्याला न दिसणारी, ज्याची त्याची गोष्ट, असं आपण मानत आलो. ती तशी आहेच, पण तिची मांडणी आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच सामायिक आहे. डार्टमथ कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याच लोकांची कथनं गणिती पद्धतीने तपासली, तेव्हाही तेच दिसलं: गोष्टीचा ढोबळ आकार सगळ्यांनी सारखा राखला होता, आणि फरक पडत होता तो बारीक तपशिलांत.

संशोधकांनी या प्रयोगाची सगळी मोजमापं इतरांसाठी खुली केली, आणि एकाच भागावर अभ्यासांची रांग लागली. क्रिस्तोफर बाल्डसानो यांनी एक वेगळाच प्रश्न घेतला: सलग चाललेल्या गोष्टीचे तुकडे मेंदू कसे पाडतो? कोणताही पूर्वग्रह न देता संगणकाला मेंदूच्या नोंदींमध्ये ‘इथे आकृतिबंध बदलला’ अशा जागा शोधायला लावलं. पाहण्या-ऐकण्याच्या भागांत हे बदल भराभर, काही सेकंदांत होत होते. अर्थ लावणाऱ्या वरच्या भागांत एकच आकृतिबंध बराच वेळ टिकून राहायचा आणि प्रसंग पालटला की झटकन बदलायचा. ही वळणं, माणसांना ‘नवा प्रसंग कुठे सुरू झाला ते सांगा’ असं विचारल्यावर त्यांनी दाखवलेल्या जागांशी जुळली. आणि नेमक्या त्याच क्षणी हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूच्या आतला भाग, उसळी घ्यायचा. प्रसंग संपताना ही उसळी जितकी मोठी, तितका तो प्रसंग पुढे सांगताना मेंदूत ठळकपणे उमटायचा. प्रसंग चालू असताना मेंदू तो जगतो आणि संपला की बांधून ठेवतो, असं म्हणता येईल. दृश्य बदलताना दिग्दर्शक क्षणभर थांबतो, त्याची किंमत प्रेक्षकाच्या स्मरणात अशी वसूल होते.

भाग आधी पाहिलेल्या लोकांना त्याच गोष्टीचं नुसतं कथन ऐकवलं, तर त्यांच्या मेंदूत पुढच्या प्रसंगाचा आकृतिबंध तो प्रसंग येण्याआधीच डोकावू लागायचा. आवडती रहस्यमालिका तिसऱ्यांदा पाहणारा माणूस कंटाळत का नाही, याचा एक धागा मला इथे दिसतो. तो पुन्हा तेच पाहत नसतो, तो एक पाऊल पुढे उभा राहून पाहत असतो.

मग आसिये झदबूद यांनी ‘सांगणं’ तपासलं. भाग पाहिलेल्या माणसाने केलेलं कथन, तो भाग कधीच न पाहिलेल्या लोकांना एमआरआयमध्ये ऐकवलं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूत, प्रसंगागणिक, पाहणाऱ्यांसारखेच आकृतिबंध उभे राहिले. शेरलॉकचा चेहराही न पाहता! रात्री ‘सी.आय.डी.’ चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत मित्राकडून ती ऐकणाऱ्या पिढीला यात नवल वाटणार नाही, पण ते मेंदूच्या नोंदींमध्ये दिसणं ही वेगळी गोष्ट आहे.

इथवर सगळं साम्याबद्दल झालं. पण एकच भाग पाहून दोन माणसं कडाडून भांडतात, त्याचं काय? ‘अ स्टडी इन पिंक’मध्येच वॉटसनला एका ओसाड गोदामात छत्री घेतलेला माणूस भेटतो. शेरलॉक मला आपला कट्टर शत्रू मानतो, असं तो सांगतो, आणि पहिल्यांदा पाहणारा त्याला खलनायक समजून बसतो. तो शेरलॉकचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट आहे, हे शेवटाकडे कळतं. ज्याला हे आधी माहीत आहे त्याला त्याच प्रसंगात धाकदपटशाऐवजी काळजी ऐकू येते. चित्र तेच, शब्द तेच, गोष्ट वेगळी.

हा फरक मेंदूत दिसतो का? यारा येशुरून आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एका लघुकथेचं ध्वनिमुद्रण दोन गटांना ऐकवलं. एका गटाला आधी सांगितलं की यातली बायको नवऱ्याला फसवते आहे. दुसऱ्याला सांगितलं की ती प्रामाणिक आहे आणि नवराच संशयी आहे. अर्थ लावणाऱ्या त्याच जाळ्यात दोन गटांचे मेंदू वेगळे चालले, इतके की नुसत्या नोंदींवरून ऐकणारा कोणत्या गटातला हे ओळखता येत होतं. म्हणजे एका समजुतीत असलेले प्रेक्षक एका तालात असतात. समजूत बदलली की ताल बदलतो. झदबूद यांनी पुढे २०२२ मध्ये ‘द सिक्स्थ सेन्स’ हा चित्रपट वापरला, ज्याच्या शेवटच्या कलाटणीने आधीचं सगळं उलटंपालटं होतं. शेवट न कळता चित्रपट पाहिलेल्यांना कलाटणीनंतर आधीचे प्रसंग आठवायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मेंदूतले आकृतिबंध, ज्यांना रहस्य आधीच फोडून सांगितलं होतं अशा प्रेक्षकांच्या पाहतानाच्या आकृतिबंधांकडे सरकलेले दिसले. रहस्य उलगडलं की आपण पुढचंच नव्याने समजून घेतो असं नाही. मागे जाऊन जुन्या आठवणीही दुरुस्त करतो.

या संशोधनाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी हिचकॉकच्या त्याच भागाकडे परत नेईन. त्यात एक लहान मुलगा खरं रिव्हॉल्व्हर खेळण्यातलं समजून हातात घेऊन फिरतो. त्यात गोळी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, भोवतालच्या माणसांना नाही. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात लोरिना नाची आणि एड्रियन ओवेन यांनी या भागाची आठ मिनिटांची आवृत्ती आधी निरोगी लोकांना दाखवली. ताण वाढला की त्यांच्या मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागांत एकसारखी हालचाल व्हायची. मग त्यांनी ती मेंदूला इजा होऊन प्रतिसाद हरवलेल्या दोन रुग्णांना दाखवली. एकात असं काही दिसलं नाही. दुसरा रुग्ण १६ वर्षं कोणत्याही सूचनेला प्रतिसाद देत नव्हता. त्याच्या मेंदूतले चढउतार निरोगी प्रेक्षकांच्या चढउतारांशी जुळले. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं.

अशा रुग्णांची शुद्ध तपासायची नेहमीची रीत म्हणजे आज्ञा देणं: हात हलवा, डोळे मिटा, अमुक गोष्टीची कल्पना करा. आज्ञा समजून ती पाळणं हे थकलेल्या, जखमी मेंदूला फार जड जातं, आणि न जमल्यास तो शुद्धीत नाही असा निष्कर्ष निघू शकतो. गोष्ट मात्र काहीच मागत नाही. ती नुसती सुरू होते, आणि ती समजणारा कुणी आत असेल तर मेंदू तिच्यामागे जातो. पुष्कळ रुग्णांना डोळे पडद्यावर स्थिर ठेवता येत नाहीत, म्हणून याच गटाने पुढे एका थरारपटाचा नुसता आवाज ऐकवून हीच तपासणी करता येते का, ते पाहिलं. निरोगी लोकांमध्ये केवळ आवाजानेही तोच परिणाम साधला, आणि रुग्णांसाठी ती पद्धत वापरायचा मार्ग मोकळा झाला.