तांब्याची तार विणता विणता तुटते काहून?

सध्या मोबाईलवर एक रील लय फिरून राहिलं आहे. क्रोशाच्या सुईनं तांब्याची तार विणायची आणि झुमके, पट्टे, गळ्यातलं तयार. पाहणाऱ्याला वाटते तार म्हणजे चमकणारा दोराच, ज्याला स्वेटर येते त्याला हेही येईल. आमच्या वर्धेकडं बचत गटातल्या बायांनी शेतपंपाच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्या दुकानातून तार आणली, थोडे टाके झाले की टक्कन तुटे, आणि दोष कोणाला? तर दुकानदाराला, म्हणे भेसळीची तार दिली. भेसळ वगैरे काही नाही बाप्पा, तार दोऱ्यासारखी वाकतच नाही.

हिशोब सोपा आहे. कोणतीही गोष्ट वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणल्या जाते, आणि जितकी ती जाड तितका ताण जास्त. ०.३ मिलिमीटरची तार (३० गेज म्हणा, गेजचा आकडा वाढला की तार बारीक) ३ मिलिमीटरच्या सुईभोवती गुंडाळली तर बाहेरची बाजू साधारण ९ टक्के ताणते. सुताचा दोरा तेवढाच जाड दिसला तरी तो पऱ्हाटीच्या बोंडातल्या कितीतरी बारीक तंतूंचा पीळ असतो. एकेक तंतू १५ मायक्रॉनच्या आसपास (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), ते एकमेकांवर घसरतात, मग प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा टक्काच ताण येतो. म्हणून स्वेटर उसवलं की लोकर पुन्हा वापरता येते. मऊ तांबं मात्र ०.१ टक्क्याच्या आतच हार मानते, त्यापुढं वाकलं ते वाकलंच.

आता एक तुकडा घेऊन पहा. तार काटकोनात वाकवा आणि बोटांनी सरळ करा. तो कोपरा पूर्ण उघडत नाही, त्याच्या बाजूची तार वाकते आणि तिथं नवीन लहानसं वळण येते. म्हणजे वाकलेली जागा आता शेजारच्या तारेपेक्षा कडक झाली. मला तर सगळ्या विषयातली हीच गंमत सगळ्यात भारी वाटते.

धातूत अणूंचे थर असतात. एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा तर प्रचंड जोर लागेल, आणि प्रत्यक्षात तांबं त्याच्या किती तरी कमी जोरात वाकते. हे कोडं १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी आपापलं सोडवलं. सोयाबीनवरची उंट अळी जशी पाठीला बाक काढून थोडी थोडी सरकते तसं धातूतही थराचा एक चुकलेला पट्टा पुढं पुढं जातो, त्याला डिसलोकेशन म्हणतात. वाकवताना नवीन डिसलोकेशन तयार होतात, ती एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होते. मऊ तांब्याच्या एका चौरस सेंटिमीटर छेदातून अशा १० लाख ते १० कोटी रेषा जातात, ठोकून-वाकवून कडक केलेल्यात त्या १ लाख कोटीपर्यंत जातात. टाका चुकला, उसवला, पुन्हा विणला, की त्याच जागी गर्दी वाढते. शेवटी सरकायला वाव नाही, मग चीर पडते.

उपाय सोनाराला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, तापवायचं. सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवलं की अणू हलतात, आतमध्ये नवे स्फटिक वाढतात आणि जुना गुंता मोडतो. मग पाण्यात टाकलं तरी चालते. लोहाराकडं पोलाद पाण्यात बुडवून कडक होते म्हणून तांबंही होईल असं पुष्कळांना वाटते, तसं होत नाही, मऊच राहते. फक्त बारीक तार सुटी धरून तिच्यावर गॅसच्या टॉर्चची ज्योत मारू नका, तांबं १०८५ अंशांना वितळते आणि तेवढी तार क्षणात तिथं पोचते. तिचं वेटोळं बांधून घ्या. मोटरच्या तारेवर इनॅमलचा लेप असतो, तो जाळला की धूर वाईट, त्यापेक्षा उघडी तारच आणा. आणि बारीक आणा. जाडी निम्मी केली की वाकवायचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो.

तांब्याचं नाव काढलं की कोणी ना कोणी म्हणतेच, हातात घातलं की संधिवात जाते. इंग्लंडमध्ये ७० रुग्णांवर याची चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये छापून आला, खोट्या कड्यापेक्षा वेगळा काही फायदा दिसला नाही. दागिना म्हणून घाला, औषध म्हणून नको.

विणलेल्या धातूची हौस नवीन नाही. आपल्याकडचा सोन्याचा गोफ, चांदीचा करदोडा हे त्यातलेच, आणि अमेरिकेतल्या दागिने घडवणाऱ्या कलाकार आर्लीन फिश यांनी तर रंगीत लेपाच्या तांब्याच्या तारेनं अख्खे जेलीफिश विणले. चांदी घ्यायची असेल तर ९२.५ टक्केवाली नको, तिच्यात बहुतेक वेळा ७.५ टक्के तांबं असते, त्यानं ती आधीच जरा कडक असते. विणायला शुद्धच बरी. गोल पोकळ साखळी विणली तर ती लाकडी फळीच्या भोकांतून ओढतात, मोठ्या भोकातून आधी, मग लहान. टाके लांबट होतात, साखळी लांब होते आणि सगळीकडून सारखी दिसते. हे ओढणं झाल्यावर मात्र पुन्हा तापवू नका, नाहीतर साखळी परत लिबलिबीत होते.