फ्लूवरील जागतिक पाळत आणि तिच्यामागचा पैसा

इन्फ्लुएन्झाची लस दर वर्षी नव्याने ठरवावी लागते, हे आता बहुतेकांना माहीत असते. ती ठरवता यावी म्हणून शंभराहून अधिक देशांतील प्रयोगशाळा बारा महिने रुग्णांच्या नाका-घशातील स्रावाचे नमुने तपासतात आणि त्यांतले निवडक विषाणू गोठवून परदेशातील केंद्रांकडे पाठवतात. या सगळ्याचा खर्च मात्र कोणत्याही एका तिजोरीतून होत नाही, आणि तो कोणी, केव्हा व कशाच्या धास्तीने उचलला हे पाहिल्याशिवाय आजचे वाद नीट समजत नाहीत.

१९१८-१९ च्या महासाथीत जगभरात सुमारे पाच कोटी माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. त्या वेळी हा आजार एका जिवाणूमुळे होतो अशीच बहुसंख्य वैद्यकतज्ज्ञांची समजूत होती, त्यामुळे पाळत ठेवायची तर कशावर, हेच स्पष्ट नव्हते. १९३३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या साहाय्याने माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत लस तयार झाली. अमेरिकी लष्कराला ती १९४५ मध्ये चांगली उपयोगी पडली आणि १९४७ मध्ये जवळजवळ निरुपयोगी ठरली, कारण दरम्यान विषाणूने आपले रूप बदलले होते. विषाणू कुठे आणि कसा बदलतो आहे हे सतत पाहत राहिल्याशिवाय लशीचा भरवसा नाही, हा धडा त्या अपयशाने दिला. त्याच वर्षी, स्थापनेच्या वाटेवर असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंतरिम आयोगाने लंडनमध्ये जागतिक इन्फ्लुएन्झा केंद्र उभारण्यास मान्यता दिली. संघटना रीतसर अस्तित्वात आली ती ७ एप्रिल १९४८ रोजी, म्हणजे फ्लूवरील पाळतीची कल्पना आपल्या पालकसंस्थेपेक्षाही थोडी जुनीच आहे.

१९५२ मध्ये या केंद्राभोवती राष्ट्रीय प्रयोगशाळांचे जाळे रीतसर उभे राहिले. त्याची आर्थिक रचना पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे, म्हणून ती जरा नीट पाहायला हवी. संघटनेजवळ प्रयोगशाळा चालवण्याइतका पैसा कधीच नव्हता. प्रत्येक देशाने आपल्या इमारतीत, आपल्या पगारावरच्या माणसांकडून तपासणी करून घ्यायची आणि वेगळे वाटणारे विषाणू लंडनला किंवा अमेरिकेतील केंद्राला पाठवायचे. त्या बदल्यात त्याला चाचणीची प्रमाणित रसायने, प्रशिक्षण आणि लशीत कोणते विषाणू असावेत याचा सल्ला मिळायचा. मोठ्या केंद्रांचा भारही यजमान सरकारेच वाहत होती. ही देवघेव होती, पण कोणत्याही कराराने बांधलेली नव्हती. शास्त्रज्ञांच्या परस्परविश्वासावर ती सुमारे अर्धे शतक चालली. विषाणूपासून लस बनवून विकणाऱ्या कंपन्या या हिशेबात कुठेच नव्हत्या.

जाळ्यातील छिद्रे लवकरच दिसली. १९५७ च्या सुरुवातीला चीनच्या ग्वीजौ प्रांतात नव्या विषाणूची साथ सुरू झाली. पण चीनच्या जनवादी प्रजासत्ताकाला तेव्हा संघटनेत स्थान नव्हते, त्यामुळे ही बातमी या जाळ्यातून बाहेर आलीच नाही. हाँगकाँगमधील दवाखान्यांपुढे रांगा लागल्याचे वृत्त एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात वाचून अमेरिकी विषाणुतज्ज्ञ मॉरिस हिलमन यांना धोक्याची कल्पना आली आणि त्यांनी नमुने मागवले. जगाची फ्लूवरील पाळत अशा रीतीने एका वाचकाच्या नजरेवर अवलंबून राहिली. १९६८ ची हाँगकाँग फ्लूची साथही येऊन गेली. १९७३ पासून संघटना लशीतील विषाणूंविषयी दर वर्षी औपचारिक शिफारस करू लागली आणि १९९८ पासून उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी वर्षातून दोनदा अशी शिफारस होऊ लागली. अमेरिकेतील अटलांटा आणि लंडन यांच्या जोडीला मेलबर्न व टोकियो येथे सहयोगी केंद्रे आली, बीजिंगचे केंद्र २०१० मध्ये त्यांत सामील झाले. काम वाढत गेले, तरी पैशाची व्यवस्था १९५२ मध्ये होती तशीच राहिली.

ती बदलली भीतीमुळे. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ या पक्ष्यांमधील विषाणूने १८ माणसांना गाठले आणि त्यांतली ६ दगावली. २००३ नंतर हाच विषाणू आशियातील कोंबड्यांमध्ये पसरला, आणि माणसांना त्याची लागण झाली की मृत्यूचे प्रमाण फार मोठे असल्याचे दिसू लागले. सप्टेंबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी डेव्हिड नाबारो यांची या विषयासाठी समन्वयक म्हणून नेमणूक केली. जानेवारी २००६ मध्ये चीन, युरोपीय आयोग आणि जागतिक बँक यांनी बीजिंगमध्ये देणगीदारांची परिषद भरवली. तिथे गरज सुमारे १२० कोटी डॉलरची मांडली गेली होती. दोन दिवसांत जाहीर झाले १९० कोटी, त्यांपैकी जवळजवळ निम्मे कर्जरूपाने. पुढच्या परिषदा बामाको, नवी दिल्ली, शर्म अल-शेख आणि हनोई येथे झाल्या आणि जाहीर झालेल्या रकमांची बेरीज ४०० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

या पैशाने बरेच काही उभे राहिले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अनेक देशांच्या आरोग्य मंत्रालयांशी थेट करार करून प्रयोगशाळांना यंत्रे, प्रशिक्षण आणि कर्मचारी मिळवून दिले. गोठवलेले नमुने विमानाने पाठवण्याचा खर्च गरीब देशांना झेपत नसे, म्हणून संघटनेने त्यासाठी वेगळा निधी ठेवला. ही शेवटची बाब किरकोळ वाटते, पण नमुना केंद्रापर्यंत पोहोचलाच नाही तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. निधीचा मोठा वाटा मात्र पशुवैद्यकीय कामावर आणि कोंबड्या मारल्याच्या भरपाईवर गेला, आणि बहुतेक अनुदाने ठरावीक मुदतीची होती. मुदत संपल्यावर त्या प्रयोगशाळांचा खर्च कोण करणार, याचे उत्तर फार थोड्या ठिकाणी आधी शोधलेले होते.

याच काळात जुन्या अलिखित देवघेवीला तडा गेला. आपल्या देशातून पाठवलेल्या एच५एन१ विषाणूपासून एका ऑस्ट्रेलियन कंपनीने लस तयार केल्याचे समजल्यावर इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिलाह सुपारी यांनी २००७ च्या सुरुवातीला नमुने पाठवणे थांबवले. त्यांचा मुद्दा सोपा होता: विषाणू आमचा, रुग्ण आमचे, आणि लस आली की ती विकत घेण्याइतके पैसे मात्र आमच्याकडे नाहीत. श्रीमंत देशांतील अनेकांनी यावर टीका केली, कारण नमुने अडवल्याने साऱ्या जगाचा धोका वाढत होता, आणि ती टीका चुकीची नव्हती. तरीही पन्नास वर्षांत जे कोणी विचारले नव्हते ते या नकाराने विचारले. पाळतीचे कष्ट एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने घ्यायचे, हे कशाच्या आधारावर चालले होते?

उत्तर शोधायला चार वर्षे लागली. मध्येच २००९ ची स्वाइन फ्लूची महासाथ आली. तेव्हा श्रीमंत देशांनी लशीची मागणी आधीच नोंदवून ठेवलेली होती आणि गरीब देशांना दानरूपाने लस मिळाली ती उशिरा, त्यामुळे इंडोनेशियाची तक्रार कल्पनेतली नव्हती हे सर्वांना दिसले. अखेर मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे संघटनेच्या सदस्यदेशांच्या सभेने, महासाथ इन्फ्लुएन्झा सज्जता आराखडा मंजूर केला. देशांनी महासाथीची शक्यता असलेले विषाणू या जाळ्याला द्यायचे. जाळ्याचा लाभ घेणाऱ्या लस, औषधे व चाचणी-संचांच्या उत्पादकांनी दर वर्षी अंशदान द्यायचे. आणि महासाथ आली तर लशीचा काही भाग संघटनेसाठी राखून ठेवण्याचे करार कंपन्यांनी आधीच करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. जाळे चालवण्याचा वार्षिक खर्च ५ कोटी ६५ लाख डॉलर धरला गेला आणि त्याचा अर्धा भाग, म्हणजे सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर, उत्पादकांच्या माथी आला. यातला ७० टक्के हिस्सा सज्जतेसाठी आणि उरलेला महासाथ आल्यावर वापरायचा, असे ठरले. सज्जतेच्या पैशातला मोठा वाटा प्रयोगशाळा व सर्वेक्षणासाठी ठेवण्यात आला.

हे आकडे बीजिंगच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत. तिथे दोन दिवसांत जाहीर झालेल्या रकमेतून हे जाळे तीस वर्षांहून अधिक काळ चालले असते. बीजिंगचा पैसा पक्ष्यांसाठी आणि इतर कामांसाठीही होता, म्हणून तुलना तंतोतंत नाही. पण रोजच्या पाळतीला लागणारी रक्कम फार मोठी नसते, ती न चुकता यावी लागते, एवढे त्यातून नक्की दिसते. आराखड्याच्या मर्यादाही आहेत. दर वर्षीच्या मोसमी फ्लूचे विषाणू त्याच्या कक्षेबाहेर राहिले. विषाणूची जनुकीय माहिती संगणकावरून पाठवता येते, प्रत्यक्ष नमुन्याची गरज कमी होत जाते, आणि आराखडा मुख्यतः प्रत्यक्ष नमुन्यांपुरता आहे. अशा माहितीची देवाणघेवाण २००८ पासून गिसएड या स्वतंत्र मंचावर होऊ लागली; मार्च २०१३ मध्ये एच७एन९ हा पक्ष्यांमधील आणखी एक फ्लूचा विषाणू माणसांत आढळल्यावर चीनने त्याची माहिती तिथेच ठेवली.

पुढच्या दशकात पैशाच्या वाटा आणखी फाटत गेल्या. २०२० मध्ये फ्लूच्या याच प्रयोगशाळा कोविडच्या चाचण्यांना जुंपल्या गेल्या, आणि आधी उभारलेली क्षमता तिथे थेट कामी आली. २०२२ मध्ये जागतिक बँकेत महासाथ निधी स्थापन झाला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीत ३७ देशांना ३३.८ कोटी डॉलर मिळाले, पण ते सर्व रोगांच्या सर्वेक्षणासाठी. संघटनेच्या उत्पन्नात सदस्यदेशांच्या ठरलेल्या वर्गणीचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी झाला होता. तो टप्प्याटप्प्याने निम्म्यावर नेण्याचे २०२२ मध्ये ठरले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि आपली बरीचशी परदेशी मदत थांबवली. सात दशके या पाळतीला सर्वाधिक तांत्रिक आधार देणारा देशच बाजूला होत होता, आणि तोही त्याच्याच गोठ्यांतील गायींमध्ये एच५एन१ पसरलेला असताना. फेब्रुवारीत लंडनमध्ये लशीसाठी विषाणू निवडण्याची बैठक ठरल्याप्रमाणे झाली व अमेरिकी तज्ज्ञ तिच्यात दूरस्थपणे सहभागी झाले. त्याच वर्षी २० मे रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. विषाणू देणाऱ्या देशाला बदल्यात काय मिळावे, हे ठरवणारे त्याचे परिशिष्ट मात्र पुढील वाटाघाटींवर सोडण्यात आले.